पाण्याचा नकाशाकार

हॉलंड देशाचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. गोव्यातील खाजन जमिनी व त्यांचे बांध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा भूमीची चिंता निराळी समजावून सांगावयास नको. बांध फुटला की शेत गेले, शेत गेले की संसार गेला. म्हणूनच तेथे तेराव्या शतकापासून प्रदेशवार जलमंडळे अस्तित्वात आली. बांध, कालवे व पाण्याचे दरवाजे यांची निगा राखावी आणि त्यासाठी जमीनधारकांकडून पट्टी घ्यावी, हे त्यांचे कार्य. राइनलंड व डेल्फ्लंड ही त्यांपैकी दोन मंडळे आजही चालू आहेत.

अशा मंडळाला नकाशाकारावाचून पाऊल टाकता येत नाही. कोणत्या शेताचे पाणी कोठे उतरते, बांध कोणाच्या हद्दीत येतो, हे प्रश्न अखेर नकाशापुढेच सुटतात. निकोलास क्रुकियस हा अशा सेवकांचा मुकुटमणी होय.

त्याचा जन्म १६७८ साली झाला. भूमापनाची विद्या संपादन करून त्याने याकोब या आपल्या भावाच्या साहाय्याने डेल्फ्लंडचा विस्तृत नकाशा सिद्ध केला. १७१२ साली प्रसिद्ध झालेला हा नकाशा २५ पत्रांचा होता. परंतु केवळ जमीन मोजून त्याचे समाधान होईना. पाणी चढते ते वाऱ्याने व पावसाने; मग त्यांचीही नोंद नको काय? १७०६ च्या सुमारास त्याने हवेचा दाब व तापमान टिपण्यास आरंभ केला होता. या कार्याची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली व १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

पुढे मेरवेदे नदीचा नकाशा करताना त्याने पात्रातील समान खोलीची स्थळे एकेका रेषेने जोडली. पाण्याखाली दडलेला तळ त्यामुळे कागदावर उघडा झाला. अशा रेषा काढणाऱ्या आद्य नकाशाकारांत त्याची गणना होते.

१७३३ साली राइनलंडने त्याला स्पारन्डॅम येथे देखरेखीवर नेमले. हार्लेमरमेर नावाचे विशाल सरोवर त्या प्रदेशाचे काठ गिळीत होते. मऊ पीटमाती लाटांनी खचे. म्हणून लोक त्याला ‘जललांडगा’ म्हणत. क्रुकियसने सहकाऱ्यांसह ते आटविण्याची योजना नकाशासह मांडली. ती कागदावरच राहिली आणि १७५४ साली तो निवर्तला.

१८३६ च्या वादळांत सरोवराचे पाणी ॲमस्टरडॅम व लायडन या शहरांच्या वेशीपर्यंत धावून आले, तेव्हा राज्यकर्ते जागे झाले. वाफेच्या तीन प्रचंड यंत्रगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात सरोवर उपसून कोरडे केले. त्यांपैकी एका यंत्रगृहाला क्रुकियसचेच नाव देण्यात आले. आज तेथे संग्रहालय आहे. समुद्रसपाटीहून सुमारे चार मीटर खोल असलेल्या त्या तळावर शेती आहे, गावे आहेत आणि स्किपोल विमानतळही आहे.

मोजणाऱ्याच्या वाट्याला जयजयकार क्वचितच येतो. आपल्या मापाचे फळ कोणत्या पिढीच्या ओंजळीत पडेल, हे त्याला कळत नाही. तरी साखळी सरळ धरावी, आकडा खरा लिहावा आणि कागद पुढच्यांच्या हाती नीट सोपवावा. क्रुकियसने एवढेच केले. तेवढे पुरेसे ठरले.