खानदेशांतील जुन्या घराची सोयीची पुनर्रचना

शेताचा बांध फुटला कीं आपण दुसऱ्याच दिवशीं माणसें लावून तो बांधून घेतों. परंतु ज्या घरांत आपली आई, पत्नी व मुलें वावरतात, त्या घरांतील गैरसोय मात्र पिढ्यानुपिढ्या तशीच चालत राहते. जळगांव व धुळें जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंनीं कापसाचा पैसा हातीं येतांच या गोष्टीचा शांतपणें विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

आमच्याकडील जुनें घर म्हणजे जाड मातीच्या भिंतींचें धाबें. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला व वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यांत जेथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेथें ही रचना खुळेपणाची खास नव्हती. मातीचा जाड थर सावकाश तापतो. पत्रा तत्काळ तापतो, आणि सिमेंटचा उघडा स्लॅब दिवसा घेतलेली उष्णता रात्रीं खालीं सोडतो. तेव्हां सर्व घर पाडण्यापूर्वीं भिंती धड आहेत काय, हें जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्यावें. स्लॅब असेलच तर त्यावर दर उन्हाळ्यापूर्वीं चुन्याचा पांढरा हात द्यावा.

धाब्याचा मोठा दोष म्हणजे त्याचें वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं. दगडमातीच्या भिंतींवरील जड माळवदें अंगावर कोसळणें हें त्याचें एक प्रमुख कारण होतें. दरवर्षीं नवी माती चढवितांना जुनी खरवडून काढावी आणि तुळयांस वाळवी लागली आहे काय तें ठोकून पाहावें. पाण्याची हजार लिटरची टांकी भरली म्हणजे एक हजार किलो भार होतो. ती धाब्यावर मुळींच ठेवूं नये, तिच्यासाठीं अंगणांत स्वतंत्र चौथरा बांधावा.

आतां आंखणीविषयीं. गवंडी बोलावण्यापूर्वीं घरांतील कर्त्या बाईस विचारावें. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिला पाण्यासाठीं, सरपणासाठीं व भांड्यांसाठीं किती खेपा पडतात, तें एक दिवस मोजावें. जेथें खेपा अधिक, तेथें पहिला खर्च करावा. नळ, मोरी व स्वयंपाकघर हीं एका रांगेंत आणलीं तर निम्मा त्रास कमी होतो.

स्वयंपाकघरांतील धूर हा डोळ्यांचा व छातीचा वैरी आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस आला. तरी भाकरीसाठीं व पाणी तापविण्यासाठीं चूल पेटतेच. तिच्यावर धुराडें व समोरासमोर खिडक्या असाव्यात. उभ्यानें काम करण्याचा ओटा साधारण ३२ इंच उंच ठेवावा, पण बाईच्या उंचीप्रमाणें तो कमीजास्त करावा.

शौचकूप दोन खड्ड्यांचा असावा व विहिरीपासून निदान १० मीटर दूर असावा. एक खड्डा भरला कीं दुसरा चालू करावा. पहिल्यांतील मैला दोन वर्षें बंद राहिला म्हणजे त्याचें उत्तम खत होतें. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून सोनखताचा पुरस्कार केला, तो शेतकऱ्यानें विसरूं नये.

म्हाताऱ्या माणसांकरितां करावयाच्या गोष्टी अल्पखर्चाच्या आहेत. उंच उंबरठा काढून टाकावा. पायऱ्यांऐवजीं उतार करणें झाल्यास एक फूट उंचीस बारा फूट लांबी धरावी. मोरीची फरशी खरखरीत ठेवावी, भिंतींत धरावयास दांडा बसवावा, आणि दार तीन फूट रुंद असावें. ज्यानें चाळीस वर्षें नांगर धरला, त्याचें खुब्याचें हाड मोरींत पाय घसरून मोडावें, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाहीं. उतारवयांतील असें दुखणें कित्येकांस अंथरुणावरून पुन्हां उठूं देत नाहीं.

शेवटीं कापूस व गुरें. भाव चढेल या आशेनें माजघरांत कापूस कोंडण्याची चाल आपल्याकडे फार. चुलीची एक ठिणगी घराचा घात करावयास पुरेशी आहे, शिवाय कापसांतील किडींनीं मुलांच्या अंगास खाज सुटते ती वेगळीच. कापसास व गुरांस घरापासून अलग जागा करावी. मग मोकळी झालेली खोली म्हाताऱ्यांस निजावयास मिळेल.

हें सर्व एकदम करावें असें आम्ही म्हणत नाहीं. फाल्गुन ते वैशाख हा कामाचा काळ. मृगापूर्वीं छप्पर पुरें झालें पाहिजे. एका वर्षीं मोरी व शौचकूप, दुसऱ्या वर्षीं स्वयंपाकघर, तिसऱ्या वर्षीं कापसाची खोली, असा क्रम लावल्यास कर्जाचा बोजा चढत नाहीं. रस्त्याकडील दर्शनी भिंतीस रंग देण्याचें काम सर्वांत शेवटीं ठेवावें. पाहुणा ती भिंत घटकाभर पाहतो. मोरीचा निसरडा दगड मात्र घरच्या माणसांस रोज तुडवावा लागतो.