वास्तू, वापर आणि वाली : वॉटसन्स हॉटेलची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण विचारलं होतं, वस्तूचं वस्तुपण कशात? साहित्यात, की प्रयोजनात? आज हाच प्रश्न आपण एका इमारतीला विचारू. इमारत मुंबईची आहे. पण तिच्या जन्माच्या काळाशी आपल्या वऱ्हाडचं नातं आहे, बरं का.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळू लागला. त्या तेजीत, १८६४ साली, जॉन वॉटसन या कापडव्यापाऱ्यानं काळा घोड्याजवळची जागा घेतली. सांगाडा ओतीव लोखंडाचा. तो इंग्लंडात घडवला, जहाजानं आणला आणि इथं जोडला. १८७१ साली हॉटेल सुरू झालं. प्रवेश फक्त युरोपीयांना. मार्क ट्वेन इथंच उतरला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, तीही इथंच.

पुढं १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं आणि वॉटसन्सचा तोरा उतरला. कालांतरानं हॉटेल बंद पडलं. खोल्यांचे गाळे झाले, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं. न्यायालय जवळ, म्हणून वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. म्हणजे काय, तर प्रयोजन बदललं तरी वास्तू जगली. किंबहुना बदललं म्हणूनच जगली!

मग बिघडलं कुठं? १९४७ च्या कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी गोठली. अशा इमारतींत दुरुस्ती मालकाला परवडेना, भाडेकरू म्हणे काम मालकाचं. वापरणारे पुष्कळ, वाली कुणीच नाही. २००५ साली या इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २००६ च्या जागतिक धोकाग्रस्त वारशाच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी करावी लागली.

तेव्हा साहित्य आणि प्रयोजन यांच्या जोडीला आपल्याला तिसरी गोष्ट धरावी लागते : जबाबदारी. लोखंड गंजतं ते काळानं, हे खरं. पण गंज काढायचा कुणी, हे ठरलेलं नसलं की तो जिंकतो.

आपल्या शकुंतलेची यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी बंद आहे. तिच्या स्थानकांत वाचनालय करावं की संग्रहालय, यावर आपण हौसेनं बोलतो. बोलावंच. पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवू : पावसाळ्यापूर्वी छपरावर कोण चढणार?