सोयरीक आणि रक्ताची तपासणी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव यमाईचे देवस्थान आणि श्री भवानी वस्तुसंग्रहालय यांमुळे परिचित आहे. स्वातंत्र्यपूर्व काळात ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते व आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा भागही त्याच संस्थानात मोडत असे. 1939 साली राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कारभाराची सूत्रे प्रजेच्या हाती सोपविली. ग्रामपंचायत हा त्या व्यवस्थेचा पाया होता. शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू करून, आरोग्य हा दवाखान्याइतकाच शाळेचा व गावाचा विषय आहे, हेही या संस्थानाने दाखवून दिले होते. आनुवंशिक रक्तदोषांच्या प्रतिबंधाचा विचार करताना याचे स्मरण होते. कारण या कामाचा निर्णय शेवटी सोयरीक ठरते त्या ओसरीवरच होतो.

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते व ते शरीरभर प्राणवायू पोहोचविते. ते घडविणारी जनुके माता व पिता या दोघांकडून जोडीने येतात. जोडीतील एकच जनुक सदोष असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक ठरते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो नांगर धरतो, शाळेत शिकवितो, म्हातारा होतो आणि बहुधा त्याला आपल्या रक्तातील वेगळेपणाचा पत्ताही लागत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रोगग्रस्त होण्याची शक्यता चारात एक इतकी असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगी होणार, असा हिशेब पुष्कळ घरी केला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस दान नव्याने पडते.

सिकलसेल विकारात प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारात हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते व त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी औषधे द्यावी लागतात.

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम 1952 साली निलगिरीत झाली. पुढे 1958 साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात विदर्भ व सातपुड्याचा पट्टा हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. या प्रश्नावरील संशोधनात मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय रुधिरप्रतिकारशास्त्र संस्थेचे कार्य मोलाचे आहे. हिवतापाच्या प्रदेशात हा दोष का टिकून राहिला, याचाही उलगडा झाला आहे. सिकलसेलच्या वाहकास हिवतापापासून काही संरक्षण मिळते, असे ॲलिसन या संशोधकाने 1954 साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. कुळाचा कलंक मानण्याजोगे यात काहीच नाही.

औंध परिसर सिकलसेलच्या मुख्य पट्ट्यात येत नाही. येथे प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. सातारा-सांगलीकडे मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल जुनी आहे. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या 1953 सालच्या ग्रंथात या चालीची चिकित्सा केली आहे. देवक एक असल्यास आपल्याकडे सोयरीक होत नाही, आतेबहीणही बहुधा वर्ज्य मानली जाते. मामेबहिणीला मात्र मुभा. जनुकांना हा भेद ठाऊक नाही. दोघीही सारख्याच जवळच्या. मुलगा एखाद्या दोषाचा वाहक असेल, तर तेच जनुक मामेबहिणीतही असण्याची शक्यता, नात्यामुळेच, आठात एक असते. अशा विवाहांतील बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु जन्मजात गंभीर विकारांच्या नेहमीच्या प्रमाणात दोन ते तीन टक्क्यांची भर पडते. ज्या घरात पांढरीफटक, वरचेवर रक्त लागणारी मुले होऊन गेली असतील, त्या घराने तरी हा हिशेब टाळू नये.

तपासणी अवघड नाही. सिकलसेलसाठी बोटातील थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी काही मिनिटांत होते. दोष दिसल्यास प्रयोगशाळेत खात्री केली जाते. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशींचा आकार लहान असतो आणि हिमोग्लोबिनचा ‘ए-टू’ हा अंश वाढलेला असतो. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान दिसतात. त्यामुळे वाहक स्त्रीला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात व खरे कारण झाकलेलेच राहते.

मात्र चाचणी केव्हा करावी, हा प्रश्न चाचणीहून कठीण आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेलचे प्रमाण मोठे होते आणि विवाह आपल्यासारखेच वडीलधारी मंडळी ठरवीत. तेथे 1960 नंतरच्या दशकात तपासणी झाली. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा वाहकांनी आपली स्थिती सोयऱ्यांपासून दडविल्याचे आढळले आणि वाहकांचे परस्परांशी होणारे विवाह जवळजवळ पूर्वीच्याच प्रमाणात राहिले होते. याउलट सायप्रसमध्ये तपासणीला सर्वत्र समुपदेशनाची व गर्भावस्थेतील निदानाची जोड मिळाली. थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले. तरीही वाहक जोडप्यांतील बहुतेकांनी ठरलेला विवाह मोडला नाही.

आपल्याकडे सुपारी फुटल्यावर चाचणी केली आणि दोष निघाला, तर बोल मुलीलाच लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मुलगे व मुली दोघांचीही तपासणी अकरावी-बारावीच्या वयात, विवाहाची बोलणी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी व्हावी, हेच इष्ट. निकाल त्या विद्यार्थ्याला व पालकांनाच कळविला जावा. फळ्यावर वा ग्रामसभेत नावे वाचली गेल्यास ऑर्कोमेनोसचीच पुनरावृत्ती होईल. विवाह होऊन गेलेल्या वाहक जोडप्यांना गर्भाची तपासणी करून घेता येते. 1994 च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, अशा तपासणीस मुभा ठेवली आहे.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आजारी असलेल्यांसाठीही कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झाला असून, त्यांच्या रुग्णांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागता येते. हे प्रमाणपत्र घरबसल्या येत नाही, अर्ज करावा लागतो. आणि खेड्यातील अनेक पालकांना तो कोठे करावयाचा याची वाट दाखविण्याचे काम ग्रामसेवक, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांच्यापैकीच कोणाला तरी करावे लागणार आहे.