घास अडकतो, पण काटा सापडत नाही

आज मत्स्यबीजाचं किंवा अनुदानाचं काही नाही, तब्येतीचं आहे, पण जरूर वाचा.

आपल्या एका सभासदाचं सांगतो. वय 38. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव मात्र देत नाही. जेवताना मटणाचा घास छातीत अडकला. पाणी पिलं तर तेही बाहेर, थुंकीसुद्धा गिळवेना. आपली मासेवाल्यांची घरं, सगळ्यांना वाटलं काटाच असणार. केळं दिलं, कोरड्या भाताचा गोळा दिला. त्यानं आणखी त्रास झाला. शेवटी दवाखान्यात दुर्बीण घालून घास काढला. काटा नव्हताच. अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासले तेव्हा आजाराचं नाव कळलं: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

नाव अवघड आहे, गोष्ट तितकी नाही. इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. ॲलर्जीत त्या वाढतात. या आजारात त्या अन्ननलिकेत जमतात, नळीला सूज राहते आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर नळी आखडून अरुंद होते. वेगळा आजार म्हणून डॉक्टरांनी तो ओळखला 1990 नंतरच. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. दमा, सारख्या शिंका किंवा अंगाला खाज असणाऱ्यांत विशेष.

काटा अडकला तर त्याच जेवणात टोचतं, जागा बोटानं दाखवता येते. इथं तसं नसतं. घास पुन्हा पुन्हा अडकतो, महिनोन् महिने, तोही कोरडा किंवा चिवट: भाकर, मटण, मोठी गोळी. छातीत दुखतं, जळजळतं. आणि माणूस नकळत सवयी बदलतो. आमच्या या सभासदाच्या घरी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, यांना सावकाशच जेवायची सवय आहे." भाकर वरणात कुस्करूनच खाणार, प्रत्येक घासाला पाणी, लग्नाच्या पंगतीत सगळे उठले तरी हे बसलेले. म्हणून डॉक्टरांपुढे नुसतं "अडकत नाही" म्हणू नका. कसं जेवता, काय खायचं सोडलं, तेही सांगा.

पण एवढ्यावरून हाच आजार, असं डॉक्टरही म्हणू शकत नाहीत. पित्तानं नळी अरुंद झाली तरी घास अडकतो, नळीचा खालचा झडप उघडत नसेल तरी, आणि कॅन्सरमध्येही. तंबाखू खाणाऱ्यांनी, वय झालेल्यांनी, वजन उतरत असेल त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. नक्की निदान दुर्बिणीनं आणि तुकडे तपासूनच होतं. नळी वरून चांगली दिसली तरी आजार असू शकतो, म्हणून वर-खाली वेगवेगळ्या जागचे निदान 6 तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकात एका जागी 15 किंवा जास्त इओसिनोफिल दिसले आणि दुसरं कारण नसलं, तर हा आजार धरतात. तुकडे काढताना सहसा दुखत नाही. साध्या रक्ततपासणीवर जाऊ नका. रक्तात या पेशी पोटातल्या जंतांनीही वाढतात, आणि हा आजार असूनही रक्त ठीक येऊ शकतं.

मेडिकलमधून आणलेल्या गॅसच्या गोळ्या किती दिवस खाल्ल्या, तेही सांगा. त्या गोळ्यांनी काहींच्या पेशी कमी होतात आणि तपासणीत आजार सुटून जातो. (निदान झाल्यावर औषध म्हणून त्याच जातीच्या गोळ्या देतात, पण डॉक्टर ठरवतील तशा.) काहींना गिळायचं स्टेरॉइड, काहींना दूध, गहू, अंडी असं एकेक बंद करून बघतात. मासळीही त्या यादीत येते, पण आपल्या मनानं बंद करू नका. नळी फारच अरुंद असेल तर ती रुंद करतात.

आधी आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवा. पुढं जावं लागलं तर आपल्याला हैदराबादपेक्षा नागपूर जवळ. घास अडकून थुंकी गिळता येत नसेल तर मात्र केळं नाही, भाताचा गोळा नाही, सकाळची वाट नाही. त्याच रात्री दवाखाना गाठा, आणि घास काढताना "तुकडेही तपासायला घ्याल का" एवढं डॉक्टरांना विचारा.

आमचे हे सभासद आता बरे आहेत. परवा धरणावर जाळं ओढायला आले होते, डब्यात भाकर होती.