मन आजारी पडते तेव्हा

मराठीत आपण ‘नैराश्य’ म्हणतो, या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र ‘खिन्नते’ म्हणतात, आणि माझ्या उटनूरकडे तेलुगूत ‘कुंगुबाटू’, म्हणजे खचत जाणे. शब्द तीन, परंतु मूल गप्प झाले की तिन्ही भाषांत त्याला आळशी नाहीतर हट्टी ठरवतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. तरी विषय घरोघरीचा आहे, म्हणून लिहितो.

गुण कमी पडले, चार दिवस मन लागले नाही, हा आजार नव्हे. मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी टिकली आणि झोप, जेवण, अभ्यास, खेळ बिघडले, तर सावध व्हावे. लहान मुले ‘मी उदास आहे’ असे सांगत नाहीत. ती चिडतात, पोट दुखते म्हणतात, शाळा टाळतात. मोठी मुले मित्रांपासून तुटतात, स्वतःला निरुपयोगी समजतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे पन्नासांच्या वर्गात तीन-चार!

उटनूर भागात आश्रमशाळा आहेत. तिथल्या गोंडी बोलणाऱ्या मुलाची शाळेची भाषा वेगळी, आईबाप दूर. त्याचे मौन ‘शिस्त’ समजले जाणे सोपे असते.

हा आजार बरा होतो. सौम्य असेल तर समुपदेशन आणि घरचा आधार पुष्कळदा पुरतो. तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या जोडीला फ्लुऑक्सेटिनसारखे औषध देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि औषध आपल्या मनाने बंद करू नये.

एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमीडिएटच्या निकालात गोंधळ झाला. त्यानंतर वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव गमावला. निकालपत्रक पुन्हा तपासता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही. म्हणून ‘जगू नये असे वाटते का?’ हे खचलेल्या मुलाला स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

२०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, दिवसरात्र चालू आहे. तिथे मराठी, कन्नड व तेलुगूतही बोलता येते.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती: हजेरीपटावर सलग गैरहजेरी दिसली, तर दंड लावण्याआधी त्या मुलाला एकदा जवळ बोलावून विचारा.