आरएक्स-100 : नंबर जुळला म्हणजे इंजिन ओरिजिनल?

अमेरिकेत जुनी कॉर्व्हेट घेणारा आधी इंजिनवरचा नंबर बघतो. आपल्या सटाण्यात तोच प्रश्न आरएक्स-100 चा. 1996 ला बंद झालेली गाडी, पण भाव ऐका फक्त! मी आधी क्रँककेसवरचं ग्रीस पुसतो, नंबर आरसीशी ताडतो. तिथं ग्राइंडर फिरवल्यासारखं दिसलं, की व्यवहार संपला. मालेगाव आरटीओत री-पासिंगला अडकणार.

पण खरी गोम पुढं आहे. नंबर असतो क्रँककेसवर. वरचा ब्लॉक बदलला तरी नंबर तोच! 135 चा ब्लॉक चढवलेल्या गाड्याही फिरतात. म्हणून हेड उघडून व्हर्नियर लावायचा. ओरिजिनल बोअर 50 मिलिमीटर, 135 चा 58. रिबोअर झालेला असेल तर 50 च्या किंचित वर भरेल, तेवढं चालतं. मालक हेड उघडू देत नसेल, तर टोकन देऊ नका.