तीस-चोपन्नचे दुखणे

आर्वीला दुरुस्तीच्या पैशाची गोष्ट नवी नाही. १९१७ साली पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग सुरू झाला तो कापसासाठी. रूळ किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, गाडी चालवायची सरकारी रेल्वेने. मालक एक, चालवणारा दुसरा. रुळांना नवे आयुष्य देण्याची घाई दोघांनाही नव्हती. गाडी थांबली आणि सगळा भार सडकेवर आला.

ही सडक काळ्या जमिनीवर उभी आहे. कपाशीला जी माती मानवते, तीच रस्त्याला छळते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर कितीही चांगले ओता, खाली मुरुमाचा थर पातळ असला किंवा बाजूची नाली बुजलेली असली की पाणी मुरते, कड खचते आणि गिट्टी उघडी पडते. त्यावर कापसाचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या. म्हणजे इथे देखभाल दर काही वर्षांनी नव्हे, दर पावसाळ्याआधी लागते.

आणि नेमका तिच्यासाठीच पैसा नसतो. बांधकाम खात्यात कुणालाही विचारा, दोन आकडे ऐकू येतील: तीस-चोपन्न आणि पन्नास-चोपन्न. ३०५४ हे रस्ते-पुलांच्या देखभालीचे लेखाशीर्ष, महसुली खर्चातले. ५०५४ भांडवली, म्हणजे नव्या कामांचे. पगार, निवृत्तिवेतन, व्याज हेही महसुलातूनच जाते, त्यामुळे तीस-चोपन्नच्या वाट्याला उरलेसुरले येते. पन्नास-चोपन्नला मात्र कर्जही मिळते. नाबार्डचा १९९५-९६ मध्ये सुरू झालेला ग्रामीण पायाभूत विकास निधी रस्ते-पुलांसाठीही राज्यांना कर्ज देतो. बरे, नव्या पुलाला कोनशिला असते. बुजवलेल्या खड्ड्याचे उद्घाटन करायला कोणता आमदार येईल?

हा पेच सोडवायचा पहिला प्रयत्न एका मराठी माणसाच्या नावावर आहे. मुकुंद रामराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिचे म्हणणे सरळ होते: गाड्या रस्ता झिजवतात, तर पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठीच राखा. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी जन्मला. अमेरिकेत ऑरेगन राज्याने हीच वाट १९१९ मध्ये धरली होती. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले आणि वीस वर्षांची योजना आखली; राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची उतरंड त्यांनीच घातली. रस्त्यांची लांबी अपेक्षेपेक्षा आधीच गाठली गेली. लांबी वाढली की देखभालीचा बोजाही वाढतो, हे हिशेबात धरले का, हा माझा प्रश्न. २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीला कायद्याचे रूप मिळाले, २०१८ मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ शिरल्या आणि वाटेकरीही वाढले.

देखभालीला पैसा नाही आणि नव्याला आहे, हे पुलांवर उघड दिसते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी पूल १९२८ च्या सुमाराचा, म्हणजे जयकरांच्या अहवालाचा समवयस्क. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने त्याच्यासोबत. नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला. पैसा नव्हता असे कसे म्हणावे? पूल कोसळल्यावर तो पन्नास-चोपन्नमध्ये बसतो, त्याआधी बसत नाही, एवढेच. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट खाली आला. तिथेही नव्या पुलाला मंजुरी होती, काम उभे राहायचे होते.

त्यातल्या त्यात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने शहाणपणा केला. रस्ता बांधणाऱ्यालाच पाच वर्षांची देखभाल करारात बांधून दिली. हेच तत्त्व जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना आणि लहान रपट्यांना लावता येईल, पण एका अटीवर: देखभालीचे बिल वेळेवर निघाले पाहिजे. थकीत बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार २०२५ मध्ये रस्त्यावर आले होते, आणि ज्याचे जुने बिल अडकले आहे त्याला नाली उपसायला सांगणार कोण? खाजगी टोलवाल्याकडे सोपवले तरी काळजी मिटत नाही. इटलीत जिनोव्हाचा मोरांदी पूल टोल कंपनीकडेच होता. १४ ऑगस्ट २०१८ ला तो पडला आणि ४३ माणसे गेली.

हा अंक हाती येईल तोवर पाऊस सरलेला असेल, कापूस वेचणीला आलेला असेल आणि डांबराचे प्लांट धूर सोडू लागलेले असतील. आर्वीच्या रस्त्यावर पॅचवर्कची गाडी दिसली तर जरा थांबून बघा. खड्डा भरण्याआधी बाजूची नाली कुणी उपसली आहे का?